मळणारीची मूठ

माझं नाव तापी. तापीच्या काठावर दर तिसऱ्या घरात एक तापीबाई निघते, तेव्हा नावाचं कौतुक नको. सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या दरडीवर आमचं गाव. मी वाढले मात्र धुळ्याला, कारण माझे वडील, म्हणजे आबा, तिथल्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. पुढे लग्न होऊन तळोद्याकडे गेले. नवरा हिलाल विषमज्वरानं गेला, मूलबाळ नव्हतं. दिरानं वर्षश्राद्ध होईपर्यंत वाट पाहिली आणि एक दिवस गाडी जुंपून मला माहेरच्या दारात आणून सोडलं. तोवर आबाही पेन्शन घेऊन गावी परतले होते, आणि माझी आई गजराबाई धुळ्यालाच वारली होती. असे आम्ही दोघं एका छपराखाली आलो.

आबांना गावात भाईदास मास्तर म्हणत. म्हणत एवढंच, ऐकत कुणी नसे. संध्याकाळी ते पारावर जाऊन बसायचे. तिथे कपाशीचं, बैलांचं, पाटाच्या पाण्याचं बोलणं चाललेलं असायचं. मध्येच आबा घसा खाकरून म्हणायचे, "हा जो बटण शब्द आहे ना, त्याची मोठी गंमत आहे." लगेच एकाला गोठ्यात वैरण टाकायची आठवण व्हायची, दुसऱ्याला घरून हाक ऐकू यायची, आणि थोड्या वेळानं पारावर आबा आणि पिंपळ दोघंच उरायचे. त्यांची भाषाही आडवी यायची. इतकी वर्षं शाळेत घालवून त्यांच्या तोंडात पुस्तकी मराठी बसली होती. "मास्तर पुस्तकमायीन बोलस," असं लोक हसून म्हणायचे. आपल्याच गावात, आपल्याच भाऊकीत माणूस असा पाहुणा होऊन बसला, की त्याला परत घरचा करणं कुणाच्या हातात राहत नाही.

माझं तर काय सांगायचं. बाया सकाळी घोळक्यानं नदीवर जायच्या, मी त्या परत आल्यावर जायची. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारीण दारासमोरून जाताना पावलं जरा लवकर उचलायची आणि मीही नेमकी त्या वेळी आत काहीतरी शोधायला जायची. दोघींची सोय व्हायची. आत मात्र मी डब्याला हात लावून नुसती उभी असायची.

तेव्हा आबांचं ऐकायला उरले ती मी. मी चुलीपुढे बसले की ते पाट ओढून घ्यायचे आणि त्यावर आपला इंग्रजी कोश ठेवायचे. कोश कसला, चांगलं वीत-दीड वीत जाडीचं धूड. त्यात शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द कुठून आला, कुणाच्या तोंडातून कुणाच्या तोंडात गेला, तेही दिलेलं असायचं. आबा ते वाचून मला मराठीत सांगायचे. मी हूं हूं करायची. निम्म्या वेळा माझं लक्ष तव्यावर असायचं. पण घरात माणसाचा आवाज होता, तेवढंही मला पुष्कळ होतं.

त्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला कलेक्टरसाहेबाची बायको घोडे बघायला आली. आबा यात्रेहून परतले ते रागानं लाल होऊन.

"सगळे ओरडताहेत, लेडी उनी, लेडी उनी! अरे, दिसली गोरी बाई की लेडी? तिच्या नवऱ्याला सरची पदवी नाही, काही नाही. शब्द काय वाऱ्यावर पडलेत?"

"पडू द्या," मी म्हटलं. "हातपाय धुवा, भाकर तयार आहे."

पण त्यांचं कुठलं जेवणात लक्ष. पगडीही न काढता त्यांनी कोश उघडला आणि वाचता वाचता गप्प झाले. मग एकदम माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा परातीत ज्वारीचं पीठ मळत होते.

"तापी," ते म्हणाले, "तुला माहीत आहे, लेडी म्हणजे कोण?"

"कलेक्टरची बायको."

"नव्हे! तू!"

मी हात थांबवला. म्हातारपणी माणूस चळतो असं ऐकलं होतं, पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

आबा सांगू लागले. हजारभर वर्षांपूर्वी इंग्रजांची बोली आजच्यापेक्षा फार वेगळी होती. तेव्हा भाकरीला, म्हणजे त्यांच्या पावाला, हलाफ म्हणत. त्याचाच पुढे लोफ झाला. आणि डिगे म्हणजे मळणारी. हलाफडिगे, भाकरीचं पीठ मळणारी. पिढ्यानपिढ्या लोकांच्या जिभेवर तो शब्द झिजत गेला, आधी हलाफ झिजला, मग डिगे, आणि शेवटी उरलं लेडी. तसाच लॉर्ड. हलाफवर्ड, भाकर राखणारा. ज्याच्या घरात भाकर आहे आणि जो ती सांभाळतो, तो घरधनी. आणि त्याच्या आश्रयाला जो राहतो, त्याचं अन्न खातो, त्याला म्हणायचे हलाफएटा, भाकर खाणारा.

"म्हणजे बघ," आबा म्हणाले, "राज्य नाही, मुकुट नाही, हिरेमाणकं नाहीत. एक भाकर. एकानं राखायची, एकीनं मळायची, बाकीच्यांनी खायची. एवढ्यावर त्या लोकांचं सगळं मोठेपण उभं होतं."

"मंग आमना गावमा बठ्याच लेड्या शेतस," मी म्हटलं. बठ्या म्हणजे सगळ्या; चिडवायचं असलं की मी मुद्दाम अहिराणीत बोलायची.

आबा हसले नाहीत. त्यांनी पान आणखी जवळ धरलं. "आणि ऐक. हा जो डिगे शब्द आहे, मळणं, लिंपणं, त्याचं मूळ आणि आपल्या देह शब्दाचं मूळ एकच आहे. संस्कृतात दिह् म्हणजे लिंपणं, माखणं. मातीनं लिंपून केलेला तो देह. कुठले इंग्रज आणि कुठले आपण! आणि त्या मळणाऱ्या बाईच्या नावात आपला देह बसलेला आहे."

त्यांचा आवाज भरून आला होता. आबांना माणसांपेक्षा शब्दांचं लवकर भरून येई, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आईच्या चितेपुढेही ते कोरडे उभे होते. तरी त्या दिवशी परातीतल्या पिठाकडे बघताना मला काहीतरी झालं. दोन वर्षांत मला कुणी नुसतं माझ्या हातांसाठी मान दिला नव्हता. लेडी तर लेडी.

पण माझा स्वभाव पडला खवचट. मी विचारलं, "आबा, ती मळणारी खायची कधी?"

"म्हणजे?"

"भाकर राखणारा खात असेल, खाणारा तर खातोच. मळणारीला मिळायचं का? कोशात काय लिहिलंय?"

आबांनी खरोखरच पुन्हा बघितलं. दिव्याची वात वर केली, पुढचं पान, मागचं पान चाळलं. "हे कोशात नसतं," ते शेवटी म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मी कशाबद्दल विचारते आहे.

मी विचारत होते कानबाईच्या रोटाबद्दल. ज्यांना खानदेश माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. कानबाई आमच्याकडची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यासाठी गव्हाच्या जाड पोळ्या करतात, त्यांना रोट म्हणतात. रोटाचे गहू वजनानं घेत नाहीत. भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत पडतो. बायकांची वेगळी मूठ नसते. सुना नवऱ्याच्या मुठीत, कुवार पोरी बापाच्या मुठीत. पोरीचं लग्न झालं की ती बापाच्या मुठीतून निघते आणि सासरच्या मुठीत जाते. ज्याची मूठ त्याचाच रोट. परक्यानं त्याचा तुकडा खायचा नाही, तो घराबाहेर न्यायचा नाही, गाईम्हशींना घालायचा नाही, उकिरड्यावर की नदीत टाकायचा नाही. पुनवेच्या आत भाऊकीनंच तो संपवायचा.

आता माझा हिशेब करा. बापाच्या मुठीतून मी निघालेली. सासरी गेले ती हिलालच्या मुठीत. हिलाल गेला, आणि मेलेल्या माणसाची मूठ पडत नाही. त्या वर्षी सासूनं पंगतीत रोट वाढला, माझ्या पानापाशी आली, आणि पुढे गेली. मी मान वर केली नाही. त्या दिवशी मला कळलं, की दोन्ही घरांत मिळून माझ्या नावाचा गव्हाचा एक दाणा उरलेला नाही. भूक वगैरे काही नव्हती हो. कानबाई आपल्या लेकरांना मोजते म्हणतात, आणि त्या मोजणीत मी कुठेच नव्हते.

आबांनी कोश मिटला. "येत्या श्रावणात तुझी मूठ पडेल," ते म्हणाले.

"उगीच काहीतरी."

"उगीच नाही. मोजणीच्या वेळी मी उभा राहून सांगणार. माझी पोर माझ्या घरात मळते, माझ्या घरात राहते, तिची मूठ मी टाकणार. पितांबर भाऊ नाही म्हणाला तर त्याला हा शब्द सांगेन. इंग्रजांना हजार वर्षांपूर्वी जे कळलं ते आपल्याला कळू नये?"

पितांबरकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ, भाऊकीत सगळ्यांत वडील. रोट त्यांच्याच घरी व्हायचे. मी वरवर हसले, पण खोटं कशाला बोलू, मला आशा लागली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि मी मनाशी ती मोजणी बघत राहिले. आबा उभे राहतील, म्हणतील, तापीची सव्वा मूठ. थोडा गलका होईल. मग कुणीतरी म्हणेल, पडू द्या, आपलीच पोर आहे. नदीवर एकटी कपडे आपटताना मी ते पुन्हा पुन्हा मनात घोळवायची आणि एखाद्या वेळी मोठ्यानं हसायची. पलीकडे कुणी असतं तर म्हणालं असतं, बाई वेडी झाली.

श्रावण लागला आणि गावात हिवतापाची साथ आली. भाऊकीतल्या सुना एकीमागून एक अंथरुणाला खिळल्या. पितांबरकाकांची सून प्रमिलाबाई, जी दर साली रोट करायची, ती गोधडीखाली कुडकुडत पडली. कमलकाकूच्या, म्हणजे पितांबरकाकांच्या बायकोच्या, उजव्या हाताला नखुरडं झालेलं. गहू दळायचा कुणी आणि कणीक मळायची कुणी? एरवी विधवेचा हात देवीच्या कामाला चालतो का, हा प्रश्न गावानं आठवडाभर चघळला असता. या वेळी काकू स्वतः आमच्या दारात आली.

"तापी, तूच ये माय. कानबाई आपलीच शे, तिले बठं समजस."

कामापुरता मामा म्हणतात, तशी मी कामापुरती पोर. पण मी रागावले नाही. उलट मला वाटलं, हा देवीचाच कौल. मळणारी मीच, आता मूठ कोण नाकारणार? आबांनाही तसंच वाटलं असावं. शनिवारी, मोजणीच्या सकाळी, त्यांनी ठेवणीतला काळा कोट काढला, दोनदा झटकला, आणि निघताना मला म्हणाले, "बघच तू."

मोजणी काकांच्या ओसरीवर होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीच्या आत बसले होते. मधोमध टोपली, तिच्यात कोरं फडकं, शेजारी गव्हाचं पोतं. पितांबरकाका एकेक नाव घ्यायचे, आणि तो पुरुष उठून आपल्या हातानं सव्वा मूठ टाकायचा. प्रमिलाबाईचं तान्हं पोर काकांनी मांडीवर घेतलं, त्याची इवलीशी मूठ गव्हात बुडवली आणि टोपलीवर उघडली. दोन-चार दाणे पडले, बाकीचे काकांनी आपल्या हातानं पुरे केले. सगळे कौतुकानं हसले. मग काकांचा धाकटा मुलगा मगन. तो सुरतेकडे निघून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, जिवंत आहे की नाही तेही कळलं नव्हतं. तरी त्याचं नाव घेतलं गेलं. कमलकाकूनं पदरानं डोळे पुसले आणि काकांनी पोराची मूठ टाकली. कुठल्या कुठे गेलेल्या मगनचीही मूठ पडली, आणि मी हाताच्या अंतरावर बसले होते.

"भाईदास," काकांनी नाव घेतलं.

आबा उठले. त्यांनी आपली सव्वा मूठ टाकली आणि खाली बसले नाहीत. मी चौकटीला धरून पुढे सरकले.

"मला एक बोलायचं आहे," आबा म्हणाले.

"बोल ना भो," काका म्हणाले, पण त्यांची नजर पुढच्या नावाकडे लागलेली. दोघं-तिघं आधीच चुळबुळायला लागले. आता हे शब्द काढणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

आणि आबांनी शब्दच काढला. सुरुवात यात्रेपासून केली. कलेक्टरची बाई, लोकांची धावपळ, लेडी उनी, लेडी उनी. तिथे एकजण हसला. मग ते म्हणाले, "अरे, लेडी म्हणजे काय माहीत आहे? भाकरीचं पीठ मळणारी!"

आणि ओसरीवर जो हशा उसळला तो काही विचारू नका.

"म्हनजे कलेक्टरनी बाई भाकरी थापस?"

"मंग मन्ही बायको बी लेडीच शे! ती पीठ बी मळस, अन माले बी मळस!"

"मास्तर, तिले सांगा, यंदा आमना रोट मळाले ये!"

आबा दचकून सगळ्यांकडे बघत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यावर माणसं उठून गेली होती, आज ती माणसं पुढे सरकून बसली होती. "अजून ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी लॉर्ड सांगितला. पितांबरकाकांनी मांडीवर थाप मारली.

"भाकर राखनारा तो लॉर्ड? मंग मी बी लॉर्डच शे! आख्खी भाऊकीनी भाकर मीच राखस!"

पुन्हा हशा. कुणी विचारलं, इंग्रजीत बैलाला काय म्हणतात, तो शब्द कुठून आला. कुणी विचारलं, दारूचा शब्द सांगा मास्तर. आबा सांगत गेले. अडखळत का होईना, अहिराणीत सांगत गेले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. कुणीतरी त्यांना हाताला धरून मधोमध बसवलं, पानाचं तबक पुढे केलं. तेवढ्यात काकांनी उरलेली दोन नावं घेतली, दोन मुठी पडल्या, आणि टोपलीवर फडकं झाकलं गेलं.

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पानाला चुना लावू लागले.

बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, एवढं म्हणून मी सोडून दिलं असतं, तर बरं झालं असतं. माझ्यानं सोडवलं नाही. ते घाबरले असते, काकांनी त्यांना दरडावलं असतं, तर मी समजू शकले असते. पण त्यांना कुणी अडवलं नव्हतं. माझ्यासाठी नेलेला शब्द त्यांनी ओसरीवर वाटून टाकला, आणि त्याच्या बदल्यात त्यांना बसायला जागा मिळाली. मला इतकं वाईट वाटलं, की रडूसुद्धा येईना.

मी उठून जात्यावर बसले. टोपली माझ्यापुढे आली. सगळ्यांच्या मुठी मी दळल्या, तान्ह्याची आणि हरवलेल्या मगनचीसुद्धा. दळताना ओवी म्हणायची असते, मी म्हटली नाही. रविवारी सकाळी कणीक भिजवली. मनात आलं, त्यात मूठभर मीठ टाकावं आणि सगळ्यांची तोंडं खारट करावीत. टाकलं नाही. कणीक चांगली लोण्यासारखी मळून दिली. मला वाईट मळता येत नाही, त्याला काय करू.

मळून, रोट थापून झाल्यावर मी हात धुवायला उठले, तर कमलकाकूनं थांबवलं.

"बोटं खरवडी दे माय. रोटनी कनीक घरबाहेर जावाले नको."

तिनं वाटी पुढे धरली. मी नखांनी एकेक बोट खरवडलं. नखांतलं राहिलं, ते तिनं काडीनं काढलं. मग माझ्या हातांवर पाणी घातलं आणि ते पाणीही खाली परातीत धरलं, तुळशीपाशी खड्ड्यात ओतायला. काकू वाईट नव्हती. निघताना तिनं मला वेगळी केलेली पुरणपोळी देऊ केली. मी म्हटलं, मला भूक नाही. वाईट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

घरी आले. बाहेर डफ वाजत होता, बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि ज्वारीचं पीठ काढलं. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, पण त्या दिवशी मी मुद्दाम पेटवली. दोन भाकरी केल्या, कांदा फोडला, तिखटावर तेल घातलं. खायला बसणार, तोच दार वाजलं.

आबा आले होते. दिवेलागण व्हायची होती अजून. काळा कोट आजही अंगात होता. आत येऊन त्यांनी दाराला कडी घातली, कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि पाटावर उलगडला. रोटाचा चांगला अर्ध्याहून मोठा तुकडा होता.

"खा," ते म्हणाले. "माझ्या पानातला काढून ठेवला. कोणी बघितलं नाही."

मी तुकड्याकडे बघितलं. माझ्याच बोटांचे वळ त्यावर भाजून पक्के झाले होते.

"यामा मन्ही मूठ शे का, आबा?"

ते रुमालाच्या घड्या सरळ करू लागले.

"सांगा ना. शे का?"

"नाही."

"मंग माले नको."

"तापी, हट्ट करू नकोस. तूच मळलास. रोट काय, पोटात गेला की झाला."

"पोटाला माझ्याकडे भाकर आहे. मला रोट नको होता. मूठ हवी होती. सगळ्यांसमोर. तुम्ही म्हणाला होतात म्हणून हवी होती, नाहीतर मी कुठे मागितली होती?"

आबा खाली बसले. पगडी काढून मांडीवर ठेवली. मग बोलले ते अहिराणीत. माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलत नसत.

"बठा हासनात ना, तवय माले बरं वाटनं, तापी. इतला दिन मन्हं कोन्हीच आयकं नही. मी म्हनं, आते सांगस, आते सांगस. मंग टोपली झाकी दिधी."

"माले माहीत शे," मी म्हटलं.

खरंच मला माहीत होतं. एकटेपणा काय करून घेतो ते मला कुणी शिकवायला नको होतं. पण माहीत असलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

"उद्या जाऊन सांगतो," ते म्हणाले.

"आता काय सांगणार? दळून झालं, मळून झालं, भाजून झालं."

पाटावर तो तुकडा तसाच पडला होता. आबा त्याच्याकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. परत नेला तर काका विचारतील, हा घरी कशाला नेला होता. गाईला घालता येत नाही. नदीत टाकता येत नाही. आणि मी परकी जिथे राहते, त्या घरात तो ठेवताही येत नाही. हे नियम त्यांना कोशातल्या शब्दांपेक्षा आधीपासून ठाऊक होते.

त्यांनी तुकडा उचलला आणि खायला सुरुवात केली.

ते पोटभर जेवून आले होते. दाढा पडलेल्या, रोट गार होऊन चिवट झालेला. एकेक घास ते तोंडात घोळवत होते आणि मान पुढे काढून गिळत होते. मध्येच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात रोटाला लागले होते. मी तांब्याभर पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. ते प्यायले. पुन्हा घास घेतला. धोतरावर कण सांडले, ते बोट ओलं करून एकेक टिपले. एक कणही राहून चालणार नव्हतं.

मी माझं ताट ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून भाकर मोडली. माझी ज्वारीची भाकर कुणीही खाऊ शकत होतं. तिला मूठ लागत नाही, की भाऊकी लागत नाही. आबांनी खाता खाता एकदा माझ्या ताटाकडे बघितलं. त्यांनी मागितली नाही, आणि मी दिली नाही.